आधी दिवस मोज, मग युरो

तू पाठवलेला तक्ता सावकाश वाचला. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, शेअर्सचा लाभांश, ठेवींचं व्याज, शेवटी बेरीज आणि बेरजेशेजारी 'डी-७ व्हिसासाठी पुरेसं' असा शेरा. शेरा बरोबर आहे. पण बेरीज कराआधीची आहे. मी सगळी नोकरी कोषागारात काढली, हजारो लोकांची निवृत्तिवेतनं या हातांखालून गेली. कपातीआधीचा आकडा मला आकडाच वाटत नाही, बाळा. हातात काय पडतं ते सांग.

आधी व्हिसाचं थोडक्यात. नोकरी न करता, बसल्या जागी येणाऱ्या पैशावर पोर्तुगालमध्ये राहू इच्छिणाऱ्यांसाठी डी-७. निवृत्तिवेतन, भाडं, लाभांश, व्याज, स्वामित्वधन हे सगळं त्यात चालतं. उत्पन्न इथल्या किमान वेतनाइतकं तरी लागतं, जोडीदारासाठी त्याच्या ५० टक्के आणखी, प्रत्येक मुलामागे ३० टक्के. २०२६ मध्ये किमान वेतन ९२० युरो आहे, म्हणजे तुम्हा दोघांचे महिना १,३८० युरो. तुझं भागतं. पण हेच वेतन २०१५ मध्ये ५०५ युरो होतं, हे तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. उंबरठा वर्षागणिक वर सरकतो, परवान्याच्या नूतनीकरणाला उत्पन्न पुन्हा तपासलं जातं, आणि तुझी मिळकत आहे रुपयात. भाडेकरू वर्षाला पाच टक्के वाढवून देतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. काठावर बसणारा आकडा घेऊन येऊच नये असं माझं मत आहे. दीडपट तरी हवा.

तक्त्यातली एक ओळ मात्र खोड. 'कन्सल्टिंग' म्हणून जे लिहिलं आहेस ते बसल्या जागचं उत्पन्न नाही, ते काम आहे. दूर बसून परदेशी गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा आहे, डी-८, आणि त्याला किमान वेतनाच्या चौपट मिळकत लागते. निवासाचा परवाना हाती आल्यावर इथे काम करायला मनाई नाही, पण अर्जात दोन्हीची खिचडी करू नये. म्युच्युअल फंडातून दरमहा काढायची रक्कमही मी भाड्याच्या आणि लाभांशाच्या खाली, आधारापुरती दाखवेन. ते तुझेच युनिट विकून आलेले पैसे आहेत, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला ते नियमित उत्पन्न वाटेलच असं नाही.

आता मूळ मुद्दा. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, 'सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, म्हणजे कर कुठेच नाही.' हे वाक्य तुला कुणी दिलं ते मी विचारत नाही. निवासाचा पहिला परवाना दोन वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग सहा महिने, किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून आठ महिने, सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिलास तर परवाना रद्द होऊ शकतो. आठ महिने वर्षाला नव्हे, मुदतीभरात. म्हणजे वर्षाला सरासरी चार महिनेच पुण्यात, उरलेले आठ इथे. आणि इथला करकायदा सांगतो की कुठल्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलास तर तू करासाठी इथला रहिवासी. दिवस कमी भरले तरी, कायम राहण्याच्या इराद्याने ठेवलेलं घर असेल तर तेवढंही पुरतं. आता तूच मांड. परवाना टिकवायला जितकं राहावं लागतं, तितक्यात कराचं निवासित्व आपोआप लागतं. डी-७ प्रामाणिकपणे वापरणारा माणूस इथल्या करातून सुटत नाही, आणि रहिवाशाला जगभरातल्या उत्पन्नावर कर आहे. तुझ्या कोथरूडच्या भाड्यावरसुद्धा.

मग लोक का म्हणतात की पोर्तुगालमध्ये पेन्शनरांना कर नाही? कारण ते एकेकाळी खरं होतं. २००९ मध्ये 'बिगर-सवयीचा रहिवासी' अशी एक योजना आली. नाव विचित्र, फायदा मोठा. नव्याने आलेल्याला दहा वर्षं परदेशी निवृत्तिवेतनावर कर माफ. युरोपातले म्हातारे थव्यांनी आले. स्वीडन आणि फिनलंड इतके वैतागले की त्यांनी पोर्तुगालशी असलेले करकरारच मोडले, फिनलंडचा २०१९ पासून आणि स्वीडनचा २०२२ पासून सुटला. मधल्या काळात, २०२० मध्ये, नव्यांसाठी माफीऐवजी १० टक्के दर आला आणि २०२३ च्या अखेरीला दारच बंद झालं, किरकोळ अपवाद सोडून. त्याजागी जी नवी सवलत आहे ती संशोधक आणि तंत्रज्ञांसाठी. भाड्यावर नि पेन्शनवर जगणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आमच्या कोइंब्रात जुन्या योजनेतले लोक अजून भेटतात, त्यांची दहा वर्षं चालू आहेत. कॉफीच्या टेबलावर ते जे सांगतात ते त्यांच्यापुरतं खरं असतं. तू ऐकून घे, हिशेबात धरू नकोस.

दर सांगते. इथे साधा आयकर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, २०२५ ची खालची पायरी १२.५ टक्के आणि वरची ४८. लाभांश आणि व्याजावर सरळ २८ टक्के. राहत्या घराच्या भाड्यावर २०२३ च्या कायद्यापासून साधा दर २५ टक्के. त्यात फेरबदल होत राहतात, म्हणून विवरणपत्र भरताना त्या वर्षीचा दर बघायचा. सरळ दराऐवजी पायऱ्यांचा दर निवडता येतो, आणि थोडक्या उत्पन्नाच्या माणसाला कधी तो स्वस्त पडतो. दोन्ही करून बघितल्याशिवाय निवडू नये.

'दोन देशांत करार आहे ना, मग दोनदा कर कसा?' हेही तू विचारलं आहेस. भारत आणि पोर्तुगालचा करार १९९८ चा, अमलात आला २००० मध्ये. तो दोनदा कर लागू देत नाही हे खरं, पण जास्तीच्या दरापासून वाचवत नाही. हे उदाहरणानेच कळेल. समज, तुझं भाडं महिना ५०,००० रुपये, वर्षाला ६ लाख, आणि भारतात दुसरं काही उत्पन्न नाही. तू अनिवासी झालास की भाडेकरूने तुला भाडं देताना ३१.२ टक्के कापून सरकारात भरायचे असतात, कारण अनिवासीला द्यायच्या भाड्याला सूटमर्यादाच नाही. वर्षाचे झाले १,८७,२००. प्रत्यक्षात भारतातला तुझा कर किती? ३० टक्के ठोक वजावट गेल्यावर उरले ४,२०,००० रुपये. नव्या करपद्धतीत पहिले ४ लाख मोकळे, उरलेल्या २० हजारांवर पाच टक्के, वर उपकर. एकूण १,०४० रुपये. बाकीचा परतावा तुला विवरणपत्र भरून मिळवायचा आहे.

आता पोर्तुगाल. इथे ३० टक्क्यांची ठोक वजावट नाही, पावत्या असलेला खर्चच वजा होतो. सोसायटीचं शुल्क आणि महापालिकेचा कर धरून ६०,००० रुपये धर. उरले ५,४०,०००, त्यावर २५ टक्के म्हणजे १,३५,०००. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण किती? १,०४० रुपये. कापले गेलेले १,८७,२०० नव्हेत, कारण ते परत मिळण्याजोगे होते. भाडेकरूने कापलेला पैसा आणि शेवटी लागलेला कर यांतला फरक न कळल्याने चांगले शिकलेले लोक इथे गोंधळतात, आणि ती कपातीची प्रमाणपत्रं फिनान्सासच्या, म्हणजे इथल्या कर कार्यालयाच्या, खिडकीवर हलवत उभे राहतात. थोडक्यात, सहा लाखांतले सव्वा लाखाहून अधिक इथे जातील. तक्ता पुन्हा मांडताना हे धर.

याच न्यायाने, तिकडे माफ म्हणून इकडे माफ असं होत नाही. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, इथे २८ टक्के. तासगावच्या द्राक्षबागेतला तुझा वाटाही भारतात शेतीउत्पन्न म्हणून सुटतो; इथे तो जगभरातल्या उत्पन्नातच धरला जातो, आणि भारतात कर भरलाच नाही तर वजावट कशाची मागणार? लाभांशाचं त्यातल्या त्यात बरं आहे. करारानुसार भारत १५ टक्क्यांपर्यंतच कापू शकतो, व्याजावर १० टक्के, आणि तेवढं इथल्या २८ मधून वळतं होतं. त्यासाठी इथल्या कर खात्याकडून निवासित्वाचा दाखला काढून बँकेला आणि कंपनीच्या रजिस्ट्रारला दरवर्षी पाठवावा लागतो. नाही पाठवलास तर भारतात जास्त कापलं जाईल, आणि ते जास्तीचं पोर्तुगाल मान्य करणार नाही. लपवण्याचा विचार मनात आणू नकोस. दोन्ही देशांच्या बँका खात्यांची माहिती आपापल्या कर खात्यामार्फत एकमेकांना कळवतात, आणि परदेशातली खाती इथल्या विवरणपत्रात दाखवायचीच असतात.

माझं स्वतःचं यापेक्षा सोपं आहे, कारण माझं निवृत्तिवेतन महाराष्ट्र शासनाचं. सरकारी निवृत्तिवेतनावर कर लावायचा हक्क कराराने देणाऱ्या देशालाच दिला आहे. मी ते इथल्या विवरणपत्रात दाखवते, कर भारतात भरते. तुला ईपीएफची पेन्शन येईल किंवा विमा कंपनीकडून वार्षिकी घेशील तेव्हा ती या कलमात बसणार नाही, तिच्यावर इथला पायऱ्यांचा दर लागेल.

आता निघण्याची तारीख. याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी दोनदा सांगते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांची सवलत असते. तू नोकरीसाठी चाललेला नाहीस. त्यामुळे तुला लागतो तो ६० दिवसांचा नियम. आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात होतास, ते तर होतासच, आणि निघण्याच्या वर्षात ६० दिवस भरले की त्या पूर्ण वर्षासाठी तू भारताचाच रहिवासी. एप्रिल आणि मे मिळूनच ६१ दिवस होतात. म्हणजे मे संपायला आला असताना निघायचं नाही, त्याआधी. किंवा सरळ मार्चअखेरीला निघ आणि नव्या वर्षाची पाटी कोरी ठेव. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, पोर्तुगालचं जानेवारी ते डिसेंबर, आणि इथे तुझं निवासित्व आल्या दिवसापासून मोजतात. ऑगस्टमध्ये आलास तर काही महिने दोन्ही देश तुला आपला म्हणतील. करारात त्यावर तोडगा आहे, कायमचं घर कुठे, जिव्हाळ्याचे संबंध कुठे असं बघत जातात, पण तारीख हातात असताना तोडग्यापर्यंत जायचं कशाला? विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून जून धरू नकोस.

एकदा अनिवासी झालास की भेटीगाठींना येताना १८२ दिवसांची मुभा मिळते. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर ती १२० वर येते. पासपोर्टवरचे शिक्के बघून एका वहीत तारखा लिहीत जा. फोनवरचं ॲप चालेल, पण वही मला जास्त विश्वासाची वाटते, तो माझ्या वयाचा दोष समज.

निघण्याआधी पुण्यात करायच्या गोष्टी आहेत आणि त्या इथून करायला गेलास तर चौपट वेळ जातो. बचत खातं एनआरओ करून घे. परकीय चलनाच्या कायद्यात दिवसांपेक्षा इराद्याला महत्त्व आहे. राहायला चालला आहेस तर निघालास तेव्हापासून अनिवासी, मग साधं खातं तसंच चालू ठेवता येत नाही. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तुझ्यासारख्याला ही मर्यादा जन्मात नडणार नाही, फक्त बहुतेक वेळा सीएचा कागद लागेल. डीमॅट आणि फंडांचं केवायसी बदल. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही. ज्येष्ठांची बचत योजना अनिवासीला नाही, आणि व्याजावर कर कापू नये म्हणून भरतात तो अर्जही नाही. बँकेतला ओळखीचा माणूस 'राहू द्या हो, चालतं' म्हणेल. त्याचं चालतं.

भाडेकरूला समोर बसवून सांग. त्याला कपातीसाठी टॅन नंबर काढावा लागेल, दर तिमाहीला विवरण भरावं लागेल. बहुतेक भाडेकरू हे ऐकून दुसरं घर बघतात. त्यावर उपाय असा की, कपात कमी दराने व्हावी म्हणून आयकर अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घे आणि टॅनचं काम तुझ्याच सीएला दे, त्याचे पैसे तू भर. शक्य असेल तर भाडेकरू कंपनी बघ, त्यांच्याकडे ही यंत्रणा असतेच.

आता सूनबाईंचं. तिचे वडील मडगावचे, १९६१ च्या आधी जन्मलेले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणीत चढवायचा, मग तिचा. तसं केलंत तर डी-७ ची, किमान वेतनाची, आठ महिन्यांच्या मोजणीची कटकटच नाही. तू तिचा कुटुंबीय म्हणून राहशील. तिच्या माहेरच्यांनी हेच सुचवलं असणार. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इकडचं गेलं, मग ओसीआय कार्ड, मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. कराच्या बाजूने मात्र काही बदलत नाही, कर पासपोर्टवर नाही, राहण्यावर आहे. एक बारीक अपवाद माझ्यासारखीचा, इथली रहिवासी असून इथलं नागरिकत्वही घेतलं तर सरकारी पेन्शनवरचा हक्क पोर्तुगालकडे जातो. म्हणून मी अजून घेतलेलं नाही, इतर कारणं आहेतच. सूनबाईंनी ठरवायचं ते शांतपणे, आईवडिलांशी बोलून ठरवावं. तू त्यात घाई करू नकोस. आणि पाच वर्षांनी आपण दोघं नागरिक होऊ हा हिशेब तर आत्ता मांडूच नकोस. २०२५ मध्ये इथल्या संसदेने ती मुदत लांबवायला घेतली आणि प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं.

कागदांचं फार सांगत नाही, यादी तुला दूतावासाच्या केंद्रात मिळेल. विवाहाचा दाखला आणि पोलिसांचा दाखला एपोस्टील करून आण, आणि पोलिसांचा शेवटी काढ, तो शिळा होतो. 'नीफ' म्हणजे नऊ आकडी कर क्रमांक येण्याआधीच लागतो, त्याशिवाय इथे बँक खातं नाही, भाडेकरार नाही. भारतात बसून काढताना इथला एक प्रतिनिधी नेमतात. इथे स्थिरावलास की फिनान्सासमध्ये पत्ता बदलून पोर्तुगालचा करायचा. हे राहून जातं आणि मग वर्षभर कर खात्याच्या लेखी तू पुण्यातच राहत असतोस. घराचा करार कर खात्यात नोंदवलेलाच असावा. स्वस्तात देतो, नोंद नको असं म्हणणारा घरमालक भेटेल. नमस्कार करून पुढे जा.

व्हिसा चार महिन्यांचा असतो, तेवढ्यात इथल्या 'आयमा' कार्यालयात जाऊन निवासाचा परवाना मागायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनी संस्था मोडून ही नवी उभी केली तेव्हा तिच्या माथी सुमारे चार लाख प्रलंबित प्रकरणं आली. वेळ लागतो, चिडून उपयोग नाही. दिलेली भेटीची तारीख मात्र काही झालं तरी चुकवायची नाही, लग्न असो की मुंज.

विवरणपत्र दरवर्षी १ एप्रिल ते ३० जून, आधीच्या वर्षाचं, परदेशी उत्पन्न त्याच्या 'जे' परिशिष्टात. तेव्हा भारताचं वर्ष नुकतंच संपलेलं असतं आणि तिकडचं विवरणपत्र भरलेलं नसतं, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब तुला स्वतःच बांधावा लागेल. महिन्यामहिन्याने भाडं, व्याज, कापलेला कर लिहून ठेव. पहिल्या वर्षी इथला एक हिशेबनीस आणि पुण्याचा सीए, दोघांनाही पैसे दे आणि दोघांची एकमेकांशी गाठ घालून दे. एकालाच दोन्ही देशांचं कळतं असं सांगणाऱ्यापासून जरा जपून.

आणि माझ्या वहिनीला इकडे सहा महिने आणायचं म्हणतोस, तर ऑक्टोबरमध्ये आणू नकोस. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. तो देऊन झाला की डिसेंबरात घेऊन ये.